शेवटची पंगत

लग्नाचं जेवण कसं होतं, हे पहिल्या पंगतीला विचारण्यात अर्थ नाही. पहिल्या पंगतीला सगळं गरम असतं. वाढपी ताजेतवाने असतात, जिलबी पाकातून निघून थेट पानात पडते आणि यजमान हात जोडून ‘सावकाश होऊ द्या’ म्हणत ओळीओळीतून फिरत असतात. विचारायचंच तर अडीच-तीनला जे जेवायला बसतात त्यांना विचारावं. तोवर सनई बंद झालेली असते, कार्यालयाचा मॅनेजर संध्याकाळच्या रिसेप्शनसाठी खुर्च्या हलवायला लागलेला असतो, आणि पानावर बसलेले असतात नवरीचे मामा-मामी, सकाळपासून अक्षता वाटणाऱ्या करवल्या, रुखवताची राखण करणारी मावशी, स्टेशनवरून पाहुणे आणणारा चुलतभाऊ. त्यांच्या पानात मसालेभात पडतो की घाईघाईने लावलेला पांढरा भात? मठ्ठा मठ्ठाच राहिलाय, की मधल्या पंगतीनंतर त्यात दोन तांबे पाणी गेलंय? घराचं आदरातिथ्य यावर तोलावं, असं माझं जुनं मत आहे. गेल्या लग्नसराईत पुणे-सातारा पट्ट्यातल्या कार्यालयांत मागच्या दाराने शिरून आचारी, केटरर, वाढपी आणि भांडी घासणाऱ्या बायकांशी बोललो, तेव्हा ते आणखी पक्कं झालं.

तुळशीचं लग्न झालं की चातुर्मासात थंडावलेल्या भट्ट्या पुन्हा पेटतात. यजमानाचा केटररला पहिला प्रश्न असतो, ताटाला काय पडतील? मुरलेल्या आचाऱ्याचा पहिला प्रश्न वेगळा असतो. तो विचारतो, तिथ कोणती धरलीय? तिथ दाट असेल, म्हणजे त्याच दिवशी गावात लग्नांची रांग असेल, तर एकेका घरातली माणसं वाटली जातात. वडील एका मांडवात, आई दुसऱ्या, आणि थोरला मुलगा ऑफिसच्या मित्राकडे. पत्रिका पाचशे वाटल्या म्हणून पाचशे घरं येतील असं धरणारा यजमान त्या दिवशी श्रीखंडाची पातेली घरी नेतो. मुहूर्त किती वाजताचा, हा दुसरा प्रश्न. बारा पस्तीसचा असेल तर अक्षता पडल्या पडल्या सगळा मांडव एकदम भुकेला होतो आणि पहिल्याच पंगतीवर झुंबड उडते. गोरज मुहूर्त असेल तर लोक टप्प्याटप्प्याने येतात, भात कमी जातो, पुऱ्या आणि गोड जास्त. रविवार आहे का? पाहुणे गावाकडून ट्रकने, टेम्पोने येणार की शहरातलेच? गावाकडचा पाहुणा जेवायला बसला की जेवतो. शहरातला चाखतो आणि फोटो काढतो.

आपल्या पत्रिकेवर अजूनही ‘सहकुटुंब, सहपरिवार’ छापलेलं असतं. येणार की नाही ते कळवा, असं विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. अमेरिकेतल्या मराठी घरांत आता महिनाभर आधी उत्तर मागवतात, कोण शाकाहारी ते विचारतात, टेबलावर नावाची चिठ्ठी ठेवतात. इथे तसं विचारलं तर निम्मे नातेवाईक रुसतील. ‘या म्हणायचं आणि वर मोजायचं?’ म्हणजे कितीजण येणार हे माहीत नसताना आलेला एकही उपाशी जाता कामा नये, अशी ही जबाबदारी आहे. ती यजमानाने पत्करायची आणि निभवायची आचाऱ्याने.

तो निभावतो तो आकड्यांवर. शंभर पानांना श्रीखंड करायचं तर दहा-बारा किलो धरायचं. त्याला चक्का पाच-सहा किलो आणि जवळपास तेवढीच साखर. साधा भात आणि मसालेभात मिळून तांदूळ सात-आठ किलो, गावाकडे हाच आकडा दीडपट. ही गणितं कुठे लिहिलेली नसतात. ज्यांच्याशी बोललो त्यांतला एक आचारी तर हिशेब बोटांच्या पेरांवर करत होता आणि मधेच थांबून मला विचारत होता की मुलाकडचे कुठले. नगरकडचे म्हटल्यावर त्याने आमटीचं पातेलं एक नंबर मोठं काढायला सांगितलं. खरा कस शेवटच्या तासात लागतो. दोन वाजता तो मांडवात एक चक्कर मारतो, उठलेल्या पंगतीतली पानं बघतो, अजून कोण बसायचं राहिलंय याचा अदमास घेतो आणि मग ठरवतो की मसालेभाताचं आणखी एक पातेलं चढवायचं की नाही. मसालेभात शिजायला अर्धा-पाऊण तास जातो. हा निर्णय वीस मिनिटं चुकला की शेवटच्या पंगतीला तोंडली-काजूऐवजी दिलगिरी वाढली जाते.

आता पैशाचा भाग. कार्यालयात ‘गॅरंटी’ नावाची चीज असते. चारशे ताटांची गॅरंटी दिली आणि साडेतीनशे जेवले, तरी पैसे चारशेचे. साडेचारशे जेवले तर वरच्या पन्नासांचे वेगळे. म्हणून यजमान गॅरंटी कमी सांगतो आणि केटरर ती वाढवायला बघतो. पंगतीत भांडणाला जागा कमी. एका ओळीत पानं किती आणि ओळी किती उठल्या, हे दोघांच्याही डोळ्यांसमोर असतं. बुफेत मात्र ताटं मोजायची. सुरुवातीला ढीग मोजून ठेवायचे, शेवटी उरलेली मोजायची, वजाबाकी करायची.

सातारा रस्त्यावरच्या एका कार्यालयात हे काम नवऱ्या मुलीच्या आत्याच्या यजमानांकडे होतं. सफारी घातलेले, साठीचे गृहस्थ. ताटांच्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसले होते. हातात पत्रिकेचा पाठकोरा कागद, त्यावर पाच-पाचच्या काड्या. एक मुलगा आला, ताट घेतलं, त्यात फक्त गुलाबजाम घेतले, खाल्ले, ताट टाकलं आणि थोड्या वेळाने आइस्क्रीमसाठी दुसरं उचललं. आत्याचे यजमान खुर्चीतून अर्धवट उठले आणि त्याला म्हणाले, बाळ, तेच ताट घे की. मग आजूबाजूला बघून खाली बसले आणि काडी मारली. पुढचा तासभर ते कोणाच्या नमस्काराला धड उत्तर देऊ शकले नाहीत. यजमानाचा माणूस पाहुण्यांचे घास मोजत बसलाय, हे दृश्य कोणालाच शोभणारं नव्हतं, त्यांना तर नाहीच. पण हिशेबाच्या वेळी चाळीस ताटांचा फरक आला तेव्हा घराची अब्रू आणि रक्कम दोन्ही त्याच पाठकोऱ्या कागदाने वाचवली.

पंगतीचे कायदे आजही पन्नाशीपुढच्यांना पाठ असतात. पानाच्या डाव्या अंगाला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाज्या, त्यात अळूचं फदफदं आलंच. मधे भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तूप. तूप वाढून होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही आणि शेवटच्याचं जेवण होईपर्यंत कोणी उठायचं नाही. हा शिष्टाचार वरवरचा वाटतो, पण त्यात यजमानाला बांधून घातलेलं आहे. सगळ्यांना सगळं वाढून झाल्याशिवाय सुरुवातच होत नाही, त्यामुळे ओळीच्या टोकाला बसलेल्या पोराच्या पानातही कोशिंबीर पोचलेली असते. कोणालाही मागावं लागत नाही. पाहुण्याला मागावं लागू नये, एवढं यजमान देणं लागतो. बाकीचं सगळं, पदार्थांची संख्या, चांदीची ताटं, पानाभोवतीची रांगोळी, हौस.

आग्रहही त्यातूनच आला. दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा हात थोडा बाजूला घ्यायचा, हे पाहुण्याचं काम. तीनदा विचारायचं, हे वाढणाऱ्याचं. ज्या काळात पोटभर गोड वर्षातून मोजक्या वेळा मिळायचं आणि मागून घेणं कमीपणाचं होतं, त्या काळात आग्रहामुळे भिडस्त माणसाचं पोट भरायचं. नंतर त्याचा खेळ झाला. जिलब्यांच्या पैजा लागल्या, नको म्हणणाऱ्याच्या पानात लाडू टाकून वाढपी पुढे पळू लागला, आणि पानाखाली लपवलेल्या जिलब्या पत्रावळीबरोबर उकिरड्यावर गेल्या. घरटी एक तरी मधुमेही असण्याच्या आजच्या दिवसांत तो आग्रह मला छळच वाटतो. त्याऐवजी चतुर्थीच्या दिवशी लग्न असेल तर उपासवाल्यांसाठी खिचडीचं एक पातेलं वेगळं ठेवलंय का आणि ते कुठे आहे हे त्यांना कोणी सांगितलंय का, एवढं बघितलं तरी पुष्कळ.

बुफेने हे सगळं मोडलं, अशी तक्रार करणाऱ्यांत मी अर्धाच सामील आहे. ताट हातात घेऊन, पर्स काखेत मारून, पाण्याचा ग्लास कुठे ठेवावा या विवंचनेत उभ्याने जेवणं हा सुखाचा प्रकार नव्हे. गुडघे दुखणाऱ्या आजीला नातवाने ताट आणून द्यावं लागतं आणि नातू पनीरच आणतो. तरीही बुफेच्या रांगेत पुढे कोण, मागे कोण, हे कोणी विचारत नाही. पंगतीत ते विचारलं जायचं. कोणाची पंगत आधी, कोणाची नंतर, कोणाची मांडवात आणि कोणाची मांडवाबाहेर, हे जातीवरून ठरायचं. आणि काहींच्या वाट्याला तर पंगतही नव्हती, उठलेल्या पानांवरचं उष्टं होतं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्याच्या हक्काबरोबरच उष्टं-शिळं खाणं सोडून द्यायला सांगितलं. लग्नाच्या मांडवामागे जमणाऱ्या माणसांनी आपल्या मुलांना तिथे जाऊ न देणं, हे त्या सांगण्याचं घराघरांतलं रूप होतं. अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजनं घातली, तेव्हा पदार्थ मुद्दाम गरिबाघरचे निवडले होते. प्रश्न काय जेवायचं हा नव्हताच, कोणाशेजारी बसून जेवायचं हा होता. त्याच्याही आधी, १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि भटजीवाचून, कमी खर्चात लग्नं लावायला सुरुवात केली. लग्नाचा खर्च आणि लग्नातला मान यांची गाठ त्यांनी तेव्हाच ओळखली होती.

पंक्तिप्रपंच गेला असं म्हणावं तर आज तो वातानुकूलित खोलीत बसलाय. मोठ्या कार्यालयांत ‘व्हीआयपी’ जेवणाची वेगळी खोली असते. आमदार, बिल्डर, मुलाच्या कंपनीतले वरिष्ठ तिथे टेबलावर बसून जेवतात, त्यांना वाढायला वेगळी मुलं, आणि बाहेर नसलेले दोन पदार्थ आत. बाहेरच्या रांगेतल्या माणसाला काचेतून ते दिसतं. आमदारांना गर्दीत नीट जेवता येत नाही, हे कारण खरं आहे. म्हातारे, गरोदर बायका, तान्ह्या मुलांच्या आया यांनाही गर्दीत नीट जेवता येत नाही. ती खोली त्यांना द्यावी. एका कार्यालयात मी तशी पाटी लावलेली बघितली. तिथे गर्दी नव्हती, चार आज्या निवांत मठ्ठा पीत होत्या.

छत्रपती संभाजीनगरकडच्या मुस्लिम लग्नांत नान-कलियाच्या देगा चढतात. सतरंजीवर दस्तरखान अंथरतात, आणि सगळ्यांना तेच. पदार्थच दोन, त्यामुळे कोणाला वेगळं काय वाढणार? गोव्यातल्या ख्रिस्ती घरांची रीत मला याहून पुढची वाटते. लग्नाच्या आधी तिथे ‘भिकाऱ्यांचें जेवण’ घालतात. गावातल्या गरिबांना बोलावून, घरच्या मेलेल्या माणसांच्या आठवणीने जेवू घालायचं आणि मगच लग्नाच्या थाटामाटाला हात लावायचा. आपल्याकडे शेवटी उरलेलं वाटलं जातं, तिथे सुरुवातीला, ताजं, बसवून. नाव मात्र आज कानाला खटकतं, हे खरं.

गावाकडचं प्रकरण वेगळं आणि जड आहे. मराठवाड्यात, खानदेशात, विदर्भात ‘चूलबंद आवतण’ म्हणतात. त्या दिवशी गावातल्या कोणत्याच घरी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी लग्नघरी यायचं. एरवीचं आवतण घरटी एका माणसाचं असतं. खानदेशात वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी, कोल्हापूर-सोलापूरकडे गव्हाची खीर, बाकी बहुतेक ठिकाणी बुंदी, भात, आमटी. पदार्थ साधे असतात, पण माणसं हजारात जातात, आणि ज्याने आयुष्यभर इतरांची चूलबंद आवतणं खाल्ली त्याला आपल्या लेकीच्या वेळी घरटी एक म्हणायचं धाडस होत नाही. तो सावकाराकडे जातो. २०२५ मध्ये पुण्यात हुंड्याच्या छळातून एका विवाहितेचा मृत्यू झाला. त्यानंतर मराठा समाजाच्या बैठका झाल्या आणि लग्नासाठी आचारसंहिता ठरली. पाहुणे शंभर-दोनशेच, डीजे नको, कर्ज काढून लग्न नको. कागदावर हे उत्तम आहे. मात्र दोनशे जणांची यादी करताना कोणाला वगळायचं हे ठरवणारा माणूस गावातच राहणार असतो, दुसऱ्या दिवशी पारावर बसणार असतो. आचारसंहितेचा खरा उपयोग त्याला तेवढाच: ‘समाजाचंच ठरलंय, माझ्या हातात काय?’ असं म्हणता येतं. तेवढ्यासाठीही ती असावी.

संख्या सरकारने ठरवली तर काय होतं, तेही आपण पाहिलंय. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत राज्य सरकारने लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच मुभा दिली, मोडलं तर पन्नास हजार दंड. लग्नं झाली. काही घरांनी लाडू-चिवड्याचे पुडे नातेवाइकांच्या दारात पोचवले. आजही लोक त्या लग्नांची आठवण काढताना जेवणाला नावं ठेवत नाहीत, कारण पंचवीस माणसांत शेवटची पंगत नव्हतीच.

नावं ठेवण्यावरून आठवलं. वरपक्षाचा रुसवा बहुतेक वेळा जेवणावरच निघायचा. मानपान राहिला, आहेर हलका वाटला, तरी बोलायचं आमटीच्या मिठावर. विहिणींची पंगत सजवायला मुलीकडच्या बायका उपाशीपोटी धावायच्या. कन्यादान करणारे आई-वडील तर विधी होईपर्यंत उपाशीच. यजमान उपाशी आणि पाहुणा तृप्त, यात एक गोडवा आहे असं पूर्वी लिहिलं जायचं. मला त्यात गोडवा दिसत नाही. आता बऱ्याच घरांत खर्च निम्मा-निम्मा होतो, आणि खर्च निम्मा झाल्याबरोबर आमटीतलं मीठ बरोबर पडायला लागलंय.

भांड्यांचंही थोडक्यात सांगतो. पळसाची पत्रावळ गेली, थर्माकोलची ताटं आली आणि २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिक-थर्माकोलवर बंदी आल्यावर स्टीलची ताटं परत आली. ती घासायला माणसं लागतात, हे आपण विसरून गेलो होतो.

उरलेल्या अन्नाचं काय? स्वयंसेवी गटांचे कार्यकर्ते डबे घेऊन येतात, वस्त्यांवर वाटतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये यासाठी नियमही केले. अडचण वेळेची असते. यजमान त्यांना फोन करतो तो सगळं आवरल्यावर, साडेचारला, तेव्हा भात आंबण्याच्या वाटेवर असतो. मांडवात उघडं राहिलेलं, दहा चमचे लागलेलं अन्न ते घेत नाहीत आणि घेऊही नये. आचाऱ्याला आधीच सांगून ठेवलं तर तो दीड वाजताच, झाकलेलं, गरम पातेलं बाजूला काढून देतो. त्याला कोणीतरी सांगायला हवं, एवढंच. यजमानाला भीती असते की आत्ता दिलं आणि नंतर कमी पडलं तर? ही भीती खोटी नाही.

मुख्य माणसं राहिलीच. पु. ल. देशपांड्यांचा नारायण सगळ्यांना माहीत आहे. लग्नात सगळं करणारा, आणि कोणाच्याच लक्षात न राहणारा. आज नारायण भाड्याने मिळतात. वाढपी एजन्सीकडून येतात, शिफ्टवर. काळा पँट-शर्ट, डोक्यावर जाळीची टोपी, त्यांतली बरीच मुलं कॉलेजात शिकणारी. फोटोग्राफर आणि त्याचे दोन सहायक सकाळी सातपासून उभे असतात. बँडवाले मिरवणूक संपवून मागच्या जिन्यावर बसतात. पाहुण्यांच्या बसचा ड्रायव्हर पार्किंगमध्ये झोपलेला असतो, आणि त्याला जेवायला बोलवायचं काम नक्की कोणाचं, हे ठरलेलं नसतं. भांडी घासणाऱ्या एका बाईंनी मला सांगितलं की त्यांना जेवण मिळतं, नक्की मिळतं, पण गोड मिळेलच असं नाही. गोड यजमानाचं असतं आणि उरलेलं यजमान घरी नेतो. त्यांनी हे अजिबात तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, हात मात्र चालूच होते.

केटररच्या ऑर्डरच्या कागदावर ताटांच्या खाली एक मोकळी ओळ असते. काही जुने केटरर तिथे स्वतःच विचारून लिहून घेतात: कामाची माणसं किती? भटजी, सनईवाले, बँड, फोटोवाले, ड्रायव्हर, वाढपी, धुणीभांडी. साधारण पाचशेच्या लग्नाला हा आकडा चाळीस-पन्नासच्या घरात जातो. त्या ओळीत आकडा लिहा, त्यापुढे ‘गोडासह’ लिहा आणि त्यांना अडीचला बसवायला घरातलं एक माणूस नेमून द्या. ताटं मोजणारे आत्याचे यजमान तोवर मोकळे झालेले असतात.